माळव्यातील मोगली अंमल कसा मावळला?

धार जिल्ह्यातील सरदारपूर तालुक्यात, राजगडजवळ, मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. याच तालुक्यात अमझेरा नावाचे गाव आहे. मोहनखेड्याइतका त्याचा लौकिक नाही. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी तेथे चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर हे दोघेही रणांगणावर पडले. शालेय पुस्तकांत ही हकीकत दोन ओळींत आटोपते. पण दीडशेहून अधिक वर्षे टिकलेली सत्ता एका लढाईने खिळखिळी व्हावी, हे कसे घडले?

माळव्यात मोगल आले ते १५६१ मध्ये. अकबराच्या फौजेने सारंगपूर येथे बाज बहादुराचा पराभव केला. पुढे १५८० मध्ये अकबराने साम्राज्याचे बारा सुभे पाडले, त्यांत माळवा हा एक होता. ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याचे १२ सरकार व ३०१ परगणे नोंदलेले असून वसुलाचा आकडा २४ कोटी दामांवर दिला आहे. चाळीस दामांचा एक रुपया या हिशेबाने ही रक्कम सुमारे ६० लाख रुपये होते. काळी, कसदार जमीन हे माळव्याचे एक धन, आणि मार्ग हे दुसरे. सुरतेहून किंवा दक्षिणेतून आग्र्याकडे जाणारी वाट येथूनच जात असे. गोव्याहून अकबराच्या दरबारी निघालेले जेझुइट धर्मगुरू १५८० मध्ये मांडू व उज्जैन याच वाटेने फत्तेपूर सिक्रीस पोहोचले.

या राज्याचा गाडा चाले कसा? बादशहा आपल्या मनसबदारांस बहुधा रोख पगार देत नसे. एखाद्या परगण्याचा वसूल त्यांना तोडून देत असे. हीच जहागीर. त्या उत्पन्नातून मनसबदाराने ठराविक घोडेस्वार बाळगावयाचे. जहागीरदार जमिनीचा मालक नसे, आणि थोड्याथोड्या वर्षांनी त्याची बदली होई. गावोगावचे जमीनदार, परगण्याचे चौधरी व कानुनगो मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असत. जमीन कोणाची, पीक किती आणि देणे किती हे त्यांनाच ठाऊक. वरचा अंमलदार पाहुणा आणि खालचा वतनदार घरचा, अशी ही रचना होती. जहागीरदारास वसुलाची व जमीनदारास संरक्षणाची खात्री होती तोवर ती सुरळीत चालली.

औरंगजेबाच्या दक्षिणेतील दीर्घ मोहिमेत, म्हणजे १६८१ ते १७०७ या काळात, ही खात्री उरली नाही. नव्या सरदारांना मनसबी देणे भाग पडले, पण त्यांना पुरतील इतक्या जहागिरी नव्हत्या. मिळालेली जहागीर किती दिवस टिकेल याचा भरवसा नसल्याने रयतेकडून हाती लागेल तेवढे उकळण्याची वृत्ती बळावली. वसूल घटला तशी स्वारांची संख्याही घटली. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात शिरले, तेव्हा नर्मदा ही साम्राज्याची भिंत राहिली नसल्याचे दिसून आले. १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. पुढील वर्षी पेशवेपदी आलेल्या बाजीरावांनी आपली नजर माळव्यावर रोखली.

गिरिधर बहादूर हा नेभळट सुभेदार नव्हता; अखेरपर्यंत तो लढला. पण दिल्लीहून त्याला पुरेसा पैसा व कुमक मिळत नव्हती. तो नागर ब्राह्मण होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमझेऱ्याची लढाई दोन धर्मांची नव्हती, माळव्याचा वसूल कोणी घ्यावा याची होती. त्याच्यानंतर महंमदखान बंगश आणि सवाई जयसिंग सुभेदार झाले. त्यांनाही मराठ्यांना रोखता आले नाही. कित्येक जमीनदारांनी वारा ओळखून मराठ्यांशी जुळवून घेतले.

१७३२ मध्ये पेशव्यांनी माळव्याच्या वसुलाची वाटणी शिंदे, होळकर व पवार यांच्यात केली. भोपाळजवळच्या विजयानंतर, जानेवारी १७३८ मध्ये, दोराहा येथे निजामाने माळवा मराठ्यांना देण्याचे कबूल केले. तरीही बादशाही फर्मान मिळाले ते १७४१ मध्ये, बाजीरावांच्या मृत्यूनंतर, बाळाजी बाजीरावांच्या नावाने. त्यात पेशव्यांचे पद होते नायब सुभेदाराचे; सुभेदारी नावापुरती शहाजाद्याकडेच राहिली! प्रत्यक्षात सारी सत्ता हाती असूनही मराठ्यांना या कागदाची गरज वाटली, कारण लोकमानसात हक्काचा उगम अद्याप दिल्लीचे तख्तच होते.

कारभारातही फार उलथापालथ झाली नाही. पेशव्यांचे कमाविसदार आले, पण परगणे तेच राहिले आणि जमाबंदीसाठी गाठ घ्यावी लागे ती जुन्याच जमीनदारांची. आरंभी खंडणी घेऊन परतणाऱ्या फौजांच्या जागी हळूहळू वर्षाचा हिशेब ठेवणारे दफ्तर उभे राहिले. धार व देवास येथील पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली.

मोगली अंमल मावळला याचे मूळ कारण अमझेऱ्याच्या रणात शोधून सापडणार नाही. वसूल आणि संरक्षण यांचा संबंध आधीच तुटला होता. शेतकरी सारा देई, पण त्याच्या पिकावरून फौजा गेल्या तर त्याला वाचविणारा कोणी नसे. ज्या राज्याला ही हमी पुरी करता येत नाही, त्याच्यासाठी रयत उभी राहत नाही. पेशव्यांच्या अंमलालाही माळव्याने हाच मापदंड लावला.