फुटलेल्या भोपळ्याचा धनी

तंबोरा बाहेरगावी पाठवायचा असला की मिरजेचा कारागीर सगळ्यात आधी तारा उतरवतो. चारही खुंट्या उलट्या फिरवून तारा लोंबतील इतक्या सैल करतो. ताणलेल्या तारांचा भार तबलीवर आणि तिच्यामार्फत भोपळ्यावर असतो. त्यात एखादा दणका बसला तर चीर जायला वेळ लागत नाही. मग तो घोडी काढतो. तिच्या पाठीवर जवारी लावलेली असते, म्हणजे वाद्याचा सगळा झंकार त्या चार बोटांच्या तुकड्यात. ती जुन्या सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवली जाते. स्वर बारीक जुळवायचे मणके एका पुडीत जातात. भोपळ्याभोवती फोमचे दोन वेढे, दांडीखाली उशी, आणि हे सगळं प्लायवूडच्या खोक्यात असं बसवायचं की खोकं हलवलं तरी आतून आवाज येता कामा नये. कारागीर ते दोनदा हलवून, कान लावून बघतो.

भोपळा हा या वाद्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नाजूक भाग. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारा हा कडू भोपळा महिनोन् महिने वाळवून मग घडवायला घेतात. मिरजेच्या सितार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाळलेल्या भोपळ्याची साल त्यामुळे काही जाड झाली नाही. आदळला की तो फुटतो.

खोकं रिक्षातून कुरिअरच्या काउंटरवर येतं. तिथली प्रश्नोत्तरं अर्ध्या मिनिटात उरकतात.

“आत काय?”

“तंबोरा.”

“कुठं?”

“नागपूर.”

“किंमत?”

इथे कारागीर जरा थांबतो. वाद्य चाळीस हजारांचं आहे. पण खरी किंमत सांगितली की बिल मागतात, जोखमीचा जादा आकार लावतात, शिवाय मागे रांग असते. “टाका पाच हजार,” तो म्हणतो. काउंटरवरचा मुलगा तेवढं टाकतो, पावती फाडतो, खोक्यावर काचेच्या पेल्याचं लाल स्टिकर चिकटवतो. भाडं होतं दोन हजार दोनशे.

सहाव्या दिवशी नागपुरात खोकं पोहोचतं. बाहेरून एक कोपरा दबलेला, बाकी ठीक. दारात आलेला मुलगा मोबाइलचा पडदा पुढे करतो, तंबोरा मागवणारा गायक बोटाने सही करतो, मुलगा जातो. संध्याकाळी खोकं उघडलं जातं तेव्हा भोपळ्याला वीतभर चीर गेलेली असते.

कुणाच्या हातून फुटला? मिरजेच्या काउंटरवाल्याची नुसती फ्रँचायझी. तिथून टेम्पो, मग हब, मग मोठा ट्रक, दुसरं हब, तिथे पट्ट्यावरची छाटणी, पुन्हा टेम्पो आणि शेवटी दुचाकी किंवा रिक्षा. दहा-बारा हात लागले. यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की माझ्याकडे आलं तेव्हा खोकं असंच होतं, आणि त्यातले बहुतेक जण खरंही बोलत असतील.

कायद्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वीच बाजूला ठेवला आहे. इंग्रजांनी १८६५ साली केलेल्या कॅरियर्स अ‍ॅक्टमध्येच सोय होती की मालाच्या नुकसानीचा दावा लावणाऱ्याने वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. माल धड दिला होता आणि मोडका मिळाला, एवढं दाखवलं की पुरे. पुढचं वाहतूकदाराने सांगायचं. त्या जुन्या कायद्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट आला आणि २०११ पासून लागू झाला. त्यानेही ही सोय कायम ठेवली. शिवाय ‘सामान्य वाहतूकदार’ या व्याख्येत दारापासून दारापर्यंत माल नेणारी कुरिअर एजन्सी नाव घेऊन समाविष्ट केली. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती असली मोजकी कारणं सोडली तर जबाबदारी वाहतूकदाराची. मधल्या दहा-बारा हातांपैकी नेमका कोणता निसटला, हे शोधत बसायचं काम ग्राहकाचं नाही. ज्याची पावती, त्याच्याकडे जायचं.

सुप्रीम कोर्टाने २००० साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. ट्रान्सपोर्टच्या गोदामात आग लागून जनरेटर संच जळाले होते. वाहतूकदाराचं म्हणणं असं की ही सोय दिवाणी दाव्यापुरती आहे, ग्राहक आयोगापुढे ती चालणार नाही. कोर्टाने ते मानलं नाही. त्याच वर्षीच्या नाथ ब्रदर्स प्रकरणात पावतीवरच्या ‘ओनर्स रिस्क’ या शिक्क्याचा प्रश्न आला. माल मालकाच्या जोखमीवर नेला, एवढं छापल्याने वाहतूकदार स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

इथवर वाचून नागपूरच्या गायकाला धीर येईल. अडचण पुढे आहे. जबाबदारी कंपनीची हे ठरलं, तरी ती किती रुपयांची हे वेगळं ठरतं, आणि ते ठरलं होतं मिरजेच्या काउंटरवर, त्या अर्ध्या मिनिटात.

याच कायद्याखालचे २०११ चे नियम सांगतात की पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती, आणि तीही माल पाठवतानाच्या पत्रकात जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. आता या खोक्याचा हिशेब मांडता येतो. भाडं २,२००, त्याची दहा पट २२,०००. पण जाहीर किंमत ५,०००, म्हणून मिळणार पाचच हजार. कारागिराने किंमत चाळीस हजार लिहिली असती आणि जादा दर भरला नसता, तर बावीस हजार मिळाले असते. जादा दर भरला असता तर पूर्ण चाळीस हजारांचा दावा उभा राहिला असता. तो दर शेकडा दोन धरला तरी आठशे रुपये होतात. आठशे वाचवताना पस्तीस हजारांवर पाणी सोडलं गेलं, आणि काउंटरच्या कुठल्याच बाजूला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाडं कसं ठरतं ते बघितलं तर आणखी एक गंमत कळते. तंबोरा हलका, खोक्यासकट अठरा किलो भरला. पण तो जागा अडवतो. विमानाने जाणाऱ्या कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागण्याची पद्धत रूढ आहे. दीड मीटर लांब आणि अर्धा-अर्धा मीटर रुंद-उंच खोकं तिथे पंचाहत्तर किलोचं ठरतं. मिरजेचे कारागीर यावर ‘हवेचं भाडं’ म्हणून हसतात. रस्त्याने पाठवलं तर वाढलेल्या भाड्याबरोबर दहा पटींची मर्यादाही वाढते, हे सहसा त्यांना कुणी सांगत नाही.

सहीचं वजन किती असतं, हे १९९६ च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या निकालात दिसतं. जर्मनीला जायची कागदपत्रं वेळेत पोहोचली नाहीत, हंगाम निघून गेला, खरेदीदाराने मालाचे पैसे कापले. राज्य आयोगाने चार लाखांहून जास्त भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने ती शंभर डॉलरवर आणली, कारण कन्साइनमेंट नोटवर तेवढी मर्यादा छापलेली होती आणि खाली पाठवणाऱ्याची सही होती. सुप्रीम कोर्टाने शंभर डॉलर कायम ठेवले. याच्या उलट, पावतीच्या मागे बारीक अक्षरांत अटी छापल्या आहेत पण पाठवणाऱ्याची सही नाही, त्या त्याला समजावल्याही नाहीत, अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांनी अनेकदा त्या अटी बाजूला ठेवल्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘अनुचित करार’ ही वेगळी कल्पनाच आली.

पोस्टाचा न्याय निराळा. २००७ च्या कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येतून सरकार वगळलेलं आहे. १८९८ च्या पोस्ट कायद्याने खात्याला नुकसानीच्या जबाबदारीतून जवळजवळ मोकळं ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यानेही ते संरक्षण काढलेलं नाही. स्पीड पोस्टची वस्तू हरवली किंवा मोडली तर भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यातलं जे कमी ते. मौल्यवान वस्तूला विमा उतरवणं हाच तिथला मार्ग.

विम्याच्या बाबतीत कारागिरांचा एक गोंधळ नेहमीचा. एजंट ‘मरीन’ पॉलिसी म्हणतो आणि ऐकणारा विचारतो, मिरजेहून नागपूरला जायला समुद्र कुठे लागतो? मालवाहतुकीचा विमा जहाजांपासून सुरू झाला, म्हणून रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या पॉलिसीलाही तेच नाव चिकटलं. विमा कंपनी आधी मालकाला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसूल करू शकते.

मग नागपूरच्या गायकाने कुणाला धरायचं, कुरिअरला की कारागिराला? १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सहसा तो खरेदीदारालाच दिल्यासारखा धरतात. मात्र विक्रेत्याने वाहतूकदाराशी मालाला साजेसा, वाजवी करार करायला हवा. चाळीस हजारांचं वाद्य पाच हजारांचं म्हणून पाठवणं वाजवी कसं, असा मुद्दा गायकाचा वकील काढू शकतो. आणि कारागिराने फोनवर “घरपोच धड देतो” असा शब्द दिला असेल, तर विषयच मिटला. मिरजेत हा शब्द बहुतेक जण देतात, आणि फुटलं तर स्वतःच्या खिशातून दुरुस्त करून देतात.

तक्रार करायची तर घड्याळं दोन. वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. ती न देता लावलेला दावा टिकत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. भरलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. कंपनी ‘हा तर व्यापारी’ असा आक्षेप घेते तेव्हा स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानलं आहे, हे उत्तर देता येतं.

परदेशी जाणाऱ्या तंबोऱ्यांचं गणित अजून वेगळं. विमानाने जाणाऱ्या मालाला माँट्रियल करार लागू होतो. त्यातली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पाठवताना किंमत खास जाहीर करून जादा आकार भरला तर ही मर्यादा उठते. पण माल मिळाल्यापासून चौदा दिवसांत लेखी तक्रार नसेल तर दावा गेला. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात खोकं आलं आणि गुढीपाडव्याला उघडू म्हणून तसंच ठेवलं, तर पाडव्याआधीच मुदत संपलेली असू शकते.

नागपूरच्या गायकाने तीन गोष्टी केल्या नव्हत्या: सही करण्याआधी खोकं उघडून पाहणं, कोपरा दबल्याचा शेरा लिहिणं, आणि उघडतानाचा व्हिडिओ काढणं. कंपनीचं उत्तर ठरलेलं आलं, पॅकिंग सदोष होतं. पण मिरजेच्या कारागिराच्या मुलाने खोकं बंद करताना हौसेने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. फोमचे वेढे, दांडीखालची उशी, वडिलांनी खोकं हलवून कान लावला तो क्षणही त्यात होता. दोन महिन्यांनी कंपनीने पाच हजार दिले. जाहीर किंमत पाच हजारच होती, त्यामुळे पुढे बोलायला जागा नव्हती.

चीर आतून बुजवता येते, वरून रंग आणि पॉलिश केलं की दिसतही नाही. फक्त वाद्य परत मिरजेला यायला हवं. गायकाने तारा सैल केल्या, घोडी रुमालात गुंडाळली, त्याच खोक्यात तंबोरा बसवला आणि नागपूरच्या काउंटरवर नेला. मुलाने फीत लावून मापं घेतली, भाडं काढलं. तेवढंच आलं, दोन हजार दोनशे.

“आत काय?”

“तंबोरा.”

“किंमत?”

गायकाने त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि मिरजेला फोन लावला.