यकृत बिघडवतो तो जंत नव्हे, त्याची अंडी. उंदरांवरील प्रयोगांतून काय कळलं?

शिस्टोसोमियासिस हा गोड्या पाण्यातून होणारा जंतांचा आजार. उपचारांची गरज असलेले 90 टक्के रुग्ण आफ्रिकेत आहेत.

यकृताला इजा कशी होते?
प्रयोगशाळेतल्या उंदरांत संसर्गानंतर साधारण 5 आठवड्यांनी मादी जंत अंडी घालू लागते. त्यातली काही रक्तासोबत वाहत यकृतात अडकतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी अंड्यांभोवती गाठी तयार करतात. पुढे तिथे तंतू साचून यकृत कडक होतं.

मग गाठी रोखायच्या का?
तेही धोक्याचंच. टी-पेशी नसलेल्या उंदरांत गाठी नीट बनत नाहीत आणि अंड्यांतून झिरपणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे यकृताच्या पेशी मरतात.

औषध आहे का?
आहे. प्राझिक्वांटेल जंत मारतं. अडकलेली अंडी मात्र राहतात. म्हणूनच उपचार लवकर हवेत.