स्वसंरक्षण ठरवावयाचे कोणी?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका गेटाशेजारी चहाची टपरी आहे. पाळी सुटल्यावर तेथे जे बोलणे चालते त्यावरून लोकांचे मत काय आहे ते मला कळते, वर्तमानपत्र त्यानंतर. मे २०२५ मध्ये बजाजनगरातील एका उद्योजकाच्या घरी दरोडा पडला, सुमारे साडेपाच किलो सोने गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्या प्रकरणातील एक संशयित पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पोलिसांचे म्हणणे असे, की त्याने हल्ला केला म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. टपरीवर दोन तट पडले. 'बरे झाले' म्हणणारे पुष्कळ, 'झाले काय ते तर कळू द्या' म्हणणारे थोडे. एका तरुण फिटरने मला विचारले, "साहेब, पोलिसांना स्वसंरक्षणाचा वेगळा कायदा असतो का?"

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच प्रश्न त्यांना दिला. मी वकील नव्हे. शाळा नववीत सुटली. पण कामगार न्यायालयाच्या पायऱ्या तीस वर्षे झिजविल्यावर कायद्याचे पुस्तक उघडण्याची भीती राहत नाही.

तर, वेगळा कायदा नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ ही स्वसंरक्षणाची कलमे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ या क्रमांकांवर आली आहेत. ती शेतकऱ्याला, दुकानदाराला, वॉचमनला आणि फौजदाराला सारखीच लागू आहेत. त्यांचा गाभा थोडक्यात सांगता येतो. अंगावर किंवा मालमत्तेवर हल्ला होत असेल तर त्याला प्रतिकार करण्याचा हक्क आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. मात्र इजा गरजेपेक्षा अधिक करता येत नाही, आणि धोका टळला की हक्कही संपतो. हात पिरगाळून भागत असेल तेथे डोके फोडता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा हक्क आपण वापरला असे जो म्हणतो, त्यानेच ते दाखवून द्यावयाचे असते. आपल्या गल्लीत एखाद्याने चोराला काठीने मारले व चोर मेला, तर पोलीस काय करतात? गुन्हा नोंदवितात, काठी जप्त करतात, पंचनामा करतात, माणसाला न्यायालयापुढे उभे करतात. तो तेथे सांगतो की मी जीव वाचविण्यासाठी मारले. पटले तर सुटतो. गोळी पोलिसाची असली की मात्र क्रम उलटतो. गुन्हा नोंदला जातो तो मेलेल्या माणसावर, पोलिसांना ठार मारण्याचा प्रयत्न केल्याचा. फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस. आणि आरोपी मेलेला असल्यामुळे खटला आपोआप निकालात निघतो. स्वसंरक्षणाचा दावा न्यायाधीशापुढे येतच नाही.

हे वाचताना मला माझ्या तरुणपणची एक गोष्ट आठवते. एका कारखान्यात गेटावर बाचाबाची झाली आणि वॉचमनने आमच्या एका सोबत्याच्या हातावर काठी घातली, हाड मोडले. वॉचमन म्हणाला, तो अंगावर आला होता. व्यवस्थापनाने चौकशी नेमली. चौकशी अधिकारी व्यवस्थापनाच्या पगारी वकिलांपैकी, साक्षीदार म्हणून दुसरे दोन वॉचमन, आणि चार्जशीट कोणाला? हात मोडलेल्याला. त्याची नोकरी परत मिळवावयास आम्हाला चार वर्षे लागली. त्या वॉचमनचे म्हणणे खोटेच होते असे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. मी तेथे नव्हतो. माझी तक्रार एवढीच होती की ज्याच्या पदरचा माणूस गुंतला आहे त्यानेच चौकशी केली.

वाळूजच्या त्या मृत्यूविषयी येथे अधिक बोलणार नाही. ज्या प्रकरणाचे कागद न्यायालयात उघडले गेले ते बदलापूरचे, म्हणून ते घेतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि गाड्या दिवसभर खोळंबल्या. आरोपी हा शाळेत कंत्राटावर लागलेला सफाई कामगार. त्याचे नाव मी घेत नाही, कारण त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. २३ सप्टेंबरला त्याला तळोजा तुरुंगातून दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस गाडीतून नेत असता मुंब्रा बाह्यवळण मार्गावर तो गोळी लागून मेला. पोलिसांनी सांगितले, की त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक गोळी त्या अधिकाऱ्याच्या मांडीत लागली, तेव्हा दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ त्याच्यावर गोळी झाडली. बदलापुरात पेढे वाटले गेले. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. आई-बापांना त्याचे प्रेत पुरावयास जागा मिळेना; उच्च न्यायालयाने लक्ष घातले तेव्हा उल्हासनगरला दफन झाले.

पेढे वाटणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्या पोलीस ठाण्यात चिमुरड्या मुलींची तक्रार घ्यावयास तासन्तास लागतात, ज्या देशात खटला दहा-दहा वर्षे चालतो, तेथे माणसाला झटपट न्यायाची भूल पडणारच. पण त्या गोळीने मुलींच्या पदरात काय पडले? खटल्यात साक्षी-पुरावे उघड झाले असते. घटना दडपण्यात शाळेतील आणखी कोणाचा हात होता ते मुख्य आरोपीच्या उलटतपासणीतून निघाले असते. ते दार बंद झाले. आणि तक्रार लांबविणारे पोलीस व गोळी झाडणारे पोलीस एकाच खात्याचे; पहिल्यांवर संतापलेली जनता दुसऱ्यांवर फुले उधळू लागली.

दोनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व पृथ्वीराज चव्हाण यांनी जे प्रश्न विचारले ते टपरीवरच्या कोणालाही सुचावेत असे होते. गाडीत इतके पोलीस असताना एका माणसाला आवरता आले नाही काय? गोळी पायावर किंवा हातावर न मारता डोक्यात का? ज्याने कधी पिस्तूल हाताळले नाही त्याला ते चालविता कसे आले? पुढे दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल न्यायालयात उघडला गेला, त्यात गाडीतील पाचही पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले होते. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे सापडले नव्हते. अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे. त्या पोलिसांनाही आपली बाजू न्यायालयात मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदला तर पाहिजे. सरकारी पक्षाचा आग्रह असा, की अशा अहवालावरून पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचे बंधन नाही.

वास्तविक हा वाद मिटलेला असावयास हवा होता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्याविरुद्ध नागरी हक्काच्या कार्यकर्त्यांनी चालविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोळा नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, शस्त्र तपासणीसाठी ताब्यात घ्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, घटनेनंतर लगेच शौर्यपदके व बढत्या देऊ नका. तो निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा. बदलापूरचा आरोपी मेला तो त्या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी.

चौकशी प्रामाणिकपणे झाली तर काय निघते त्याचा एक दाखला पुरे. नोव्हेंबर २००६ मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया वर्सोव्याला 'चकमकीत' मारला गेला. त्याचा भाऊ वकील. भावाला पोलिसांनी उचलल्याचे कळताच त्याने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा केल्या. त्या तारा नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना जन्मठेप दिली, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सुटलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरविले. ते अपिलात गेले. ज्याचा भाऊ वकील नाही त्याने काय करावे?

पोलिसांविषयीही थोडे बोलतो, कारण माझे काही मित्र त्या खाकी कपड्यात आहेत. पोलीस शिपाई हाही मजूरच. बारा-बारा तास बंदोबस्त, रजा नाही, आणि संघटना करावयाची सोय नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांची संघटना मोडली गेली तेव्हा त्यांचा उद्रेक झाला तो इतिहास आहे. खरोखरच जीव वाचविण्यासाठी गोळी झाडणारा शिपाई असतो. त्याच्या खरेपणाला न्यायालयाची मोहोर मिळाली तर जन्मभर त्याच्याकडे कोणी संशयाने पाहणार नाही. ती न मिळता नुसता फलक लागला, तर उद्या वारे फिरल्यावर वरचे साहेब बाजूला होतात आणि तोच एकटा सापडतो. हे आमच्या सुपरवायझरांनाही ठाऊक आहे.

बदलापूर प्रकरणी फेब्रुवारी २०२५ मध्ये मृताचे आई-बाप उच्च न्यायालयात उभे राहिले आणि म्हणाले की आम्हाला हा खटला पुढे चालवावयाचा नाही, ही धावपळ झेपत नाही. गरिबाची फिर्याद बहुधा येथेच मरते. न्यायमूर्ती मोहिते डेरे व नीला गोखले यांच्या खंडपीठाने मात्र फाईल मिटविली नाही. न्यायालयाला साहाय्य करण्यासाठी ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना नेमले होते, त्यांचे म्हणणे ऐकले आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. दखलपात्र गुन्हा दिसत असताना तो नोंदविण्यास राज्य नकार देऊ शकत नाही, फिर्यादी माघार घेवो अगर न घेवो, असे त्या आदेशाचे सार आहे.

त्या फिटरला मी हे सगळे चहा निवेपर्यंत सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखाच कायदा." मी म्हटले, होय, तुझ्यासारखाच, आणि त्याने दुसरा चहा सांगितला.