वकिलाच्या हातातला पैसा कोणाचा?

धरणासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन जाते. सरकारी दर पटत नाही, म्हणून वाढीव मोबदल्याचा दावा लागतो. वकीलपत्रावर सही होते, कुठे अंगठा उठतो, आणि मग तारखांमागून तारखा. शेवटी निकाल होऊन सरकार कोर्टात रक्कम भरते. ती उचलायला पुष्कळदा जातात ते वकीलसाहेब. वकीलपत्राच्या बारीक छापील मजकुरात पैसे उचलण्याचा अधिकारही दिलेला असू शकतो. तो मजकूर आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

उत्तर प्रदेशातल्या एका माणसाची जमीन अशीच संपादनात गेली होती. मोबदल्यापोटी सरकारने कोर्टात ८,११८ रुपये भरले. त्याच्या वकिलाने २ सप्टेंबर १९८७ रोजी ते उचलले आणि पक्षकाराला पत्ताही लागू दिला नाही. फार उशिरा त्याला ते कळले. मागून मागून थकला, तेव्हा १९८८ मध्ये त्याने तिथल्या बार कौन्सिलकडे तक्रार केली. वकिलाने सांगितले की फी आणि खर्च कापून बाकीचे पैसे परत केले आहेत. एवढेच नव्हे, तर तडजोड झाल्याचे पक्षकाराच्या नावाचे प्रतिज्ञापत्रही हजर केले. ते बनावट निघाले! भारतीय बार कौन्सिलच्या शिस्त समितीने त्याची सनद तीन वर्षांसाठी तहकूब केली. त्यावर हा वकील स्वतःच सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेला. न्यायालयाने उलट त्यालाच विचारले, शिक्षा वाढवू का नये? जानेवारी २००२ मध्ये त्याचे नाव वकिलांच्या पटावरून कायमचे काढून टाकले. पक्षकाराचा पैसा वकिलाच्या हातात येतो तो विश्वासाची ठेव म्हणून, आणि तो गिळणे हे वकिली पेशातले अत्यंत गंभीर गैरवर्तन आहे, असे न्यायालयाने मानले.

आठ हजारांची रक्कम शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. जमीन गेलेल्या घराला ती किरकोळ नसते.

बहुसंख्य वकील हिशेबाला चोख असतात. पण हिशेब देणे ही त्यांची मेहरबानी नाही, तो नियम आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने पक्षकाराच्या पैशाची तारीखवार नोंद ठेवायची असते. त्यात फी किती आणि खर्चासाठी किती, हे वेगळे दाखवायचे. दावा चालू असताना खर्चाचे पैसे फीकडे वळवायचे तर आपली लेखी संमती हवी. आपल्या नावे काही रक्कम हाती आली, की शक्य तितक्या लवकर कळवायचे. आपण मागितल्यावर हिशेबाची नक्कल द्यायची. नकलेचा खर्च मात्र आपला. हातातली रक्कम ‘उसनी घेतली’ म्हणून वापरता येत नाही. आणि मोबदल्याच्या दाव्यांत सर्रास ऐकू येणारी ती बोली, “मिळेल त्यातले इतके टक्के माझे”, तीही नियमाला धरून नाही. फी थकली म्हणून दाव्याचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी वकीलपत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही नको, मग वकील भावकीतला का असेना. मोबदला आपल्याच बँक खात्यात जमा व्हावा, असा अर्ज कोर्टात द्यायला वकिलांना सांगावे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पावती मागितली म्हणजे अविश्वास दाखवला असे नव्हे. सोसायटीत हप्ता भरला तरी आपण पावती घेतोच की!

तरीही पैसा अडकला तर? आधी लेखी मागणी करावी आणि पोच जपून ठेवावी. आपल्याकडची तक्रार मुंबईतल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते, आणि ती मराठीतही करता येते. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर तीन जणांची शिस्त समिती ती चालवते. ताकीद, सनद तहकूब करणे किंवा पटावरून नाव काढणे, अशा शिक्षा तिच्या हाती आहेत. वर्षभरात निकाल झाला नाही तर प्रकरण दिल्लीला भारतीय बार कौन्सिलकडे जाते. मध्येच कोणी तडजोडीचा कागद पुढे केला, तरी तेवढ्यावरून चौकशी बंद होत नाही.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही समिती वकिलाच्या वागणुकीचा न्याय करते. आपली रक्कम वसूल करून देणे हे तिचे मुख्य काम नव्हे. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. बार कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत बसलात तर ही मुदत निघून जाईल. लबाडी उघड असेल तर पोलिसांत फौजदारी न्यासभंगाची फिर्याद देता येते. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील कुठून आणायचा, ही अडचण खरी. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी तिथून मोफत वकील मिळू शकतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.