इंग्रजी वाङ्मय : कशासाठी शिकावे, कसे शिकावे?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह दरवर्षी असतो. आम्ही लेखक नाही. बँकेच्या काउंटरवर बसून व्हाउचर तपासणारे कारकून आहोत. परंतु इंग्रजी हा ऐच्छिक विषय घेऊन आम्ही बी.ए. झालो, आणि त्या शिक्षणात काय कमावले व काय गमावले याचा हिशेब आता चाळिशीनंतर नीट दिसू लागला आहे. बारावी होऊन सेलू-परभणीच्या कॉलेजात जाणाऱ्या वालूर व आसपासच्या मुलामुलींना तो उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कला शाखेत इंग्रजी दोन प्रकारांनी भेटते. एक आवश्यक इंग्रजी. त्यात थोडे धडे, थोड्या कविता, व्याकरण व पत्रलेखन असते. दुसरे ऐच्छिक इंग्रजी, म्हणजे वाङ्मयाचा अभ्यास. त्यात काव्य, नाटक, कादंबरी, वाङ्मयाचा इतिहास, समीक्षा व भाषेची ओळख येते. अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतो, पण हा सांगाडा साधारण असाच राहतो. आपल्याकडील पालक विचारतात, "शेक्सपिअर वाचून पोराला नोकरी लागते काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, नुसता पाठ केलेला शेक्सपिअर काहीच देत नाही. समजून वाचलेला शेक्सपिअर पुष्कळ देतो.

आमचे स्वतःचे सांगतो. आम्ही मराठी माध्यमातून आलेलो. पहाटे उठून एस.टी. गाठायची, तास करायचे आणि परीक्षेच्या महिनाभर आधी गाइड विकत घ्यायचे, असा क्रम होता. मूळ नाटक आम्ही उघडलेच नाही. कवितेचा सारांश, कवीचा परिचय, पात्रांचे स्वभाव, सगळे गाइडातून तोंडपाठ केले. प्रश्न फिरवून आला तरी उत्तर तेच लिहिले. पासही झालो. पुढे बँकेत लागल्यावर एका अधिकाऱ्यांनी एक कर्जप्रकरण का रखडले ते इंग्रजीत पाच ओळींत लिहून मागितले. अर्धा तास कोरा कागद समोर ठेवून बसलो. पानेच्या पाने पाठ म्हणणाऱ्या माणसाला स्वतःची पाच वाक्ये सुचेनात. ती शरम अजून आठवते.

ही केवळ आमची गोष्ट असती तर सांगितली नसती. काही वर्षांपूर्वी मजुरी करणारी एक विधवा बाई आमच्याकडे एक पत्र घेऊन आली. नवऱ्याच्या विम्याबाबत आलेले ते पत्र इंग्रजीत होते. दोन कागद अमुक दिवसांत पाठवा, एवढाच त्याचा मतलब. मुदत उलटून गेली होती. तिचा मुलगा सोबत होता आणि तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, तोही इंग्रजी घेऊन. आम्ही विचारले, "बाबा, तू वाचले नाहीस का?" तो मान खाली घालून म्हणाला, "काका, वाचलं. पण पेपरात येतं तसं नव्हतं ते." त्या पोराला आम्ही दोष दिला नाही. त्याच्यात आम्हांला आम्हीच दिसलो. उशिराचे कारण सांगणारा अर्ज त्यालाच लिहायला बसवले. चार वेळा खोडून त्याने सहा ओळी लिहिल्या. कॉलेजच्या तीन वर्षांतले ते त्याचे पहिले स्वतःचे इंग्रजी होते.

या ठिकाणी बाबासाहेबांचे उदाहरण टाळता येत नाही. त्यांनी इंग्रजीचा उपयोग कसा केला ते पाहा. 1923 साली लंडनला प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध आम्ही बँकवाले आजही आदराने पाहतो. 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेले जातिनिर्मूलनाचे भाषण संयोजकांना पेलले नाही, परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. इंग्रजीत असल्यामुळे ते देशभर वाचले गेले. परंतु त्याच बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत. जगाशी इंग्रजीत आणि आपल्या माणसांशी मराठीत, असा दुहेरी व्यवहार त्यांनी जन्मभर सांभाळला. तोच आपला आदर्श असावा.

त्यांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात पुढे एक मोठी गोष्ट घडली. तेथे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक. अमेरिकेत जाऊन त्यांनी पीएच.डी. केली. तिकडचे कृष्णवर्णीय लेखक आपल्या गुलामगिरीची व अपमानाची कहाणी कशी लिहितात हे त्यांनी जवळून पाहिले आणि परत आल्यावर आपल्या तरुणांना सांगितले की, तुमचे जगणेही वाङ्मयाचा विषय आहे. दलित साहित्याच्या चळवळीला त्या विचाराने मोठे बळ मिळाले. आपल्या मराठवाड्यातीलच डॉ. जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचे प्राध्यापक. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची त्यांनी मराठी वाचकांना ओळख करून दिली, आणि 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा ते पहिले कुलगुरू झाले. परक्यांचे वाङ्मय वाचून आपल्या माणसांकडे बघण्याची नवी नजर मिळते, याचे हे दोन पुरावे होत.

आता वाचावे कसे? विद्यार्थी बिचकतात ते विषय परका वाटतो म्हणून. पण 'किंग लिअर' नाटक घ्या. म्हातारा राजा जिवंतपणीच तीन मुलींत राज्याची वाटणी करायला निघतो. जी जास्त गोड बोलेल तिला मोठा वाटा. थोरल्या दोघी तोंडभरून स्तुती करतात. धाकटी खरी माया करणारी, पण ती खोटे गोड बोलत नाही, म्हणून तिला काहीच मिळत नाही. पुढे थोरल्या मुली बापाला घराबाहेर काढतात. सातबाऱ्यावरून भांडणे पाहिलेल्या आपल्या गावात हे कोणाला समजणार नाही? विंदा करंदीकर हे इंग्रजीचे प्राध्यापक व मराठीचे थोर कवी. त्यांनी 'राजा लिअर' मराठीत आणले आहे. आधी ते वाचावे, मग मूळ पुस्तक हाती घ्यावे. यात कमीपणा मुळीच नाही.

कवितेचेही तसेच. सॉनेट म्हटले की पोरे घाबरतात. सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन तुकडे व शेवटी दोन ओळींचा निष्कर्ष असतो. केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला, त्यालाच आपण सुनीत म्हणतो. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजतात, तशी त्या सॉनेटच्या ओळीत साधारण दहा अवयव मोजतात, एक हलका व एक जोरकस असे. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेल्या पोरांना ठेका शिकवावा लागत नाही. फक्त कविता मोठ्याने वाचावी लागते.

आपल्या वालूरची चक्राकार बारव सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात, आणि एकेका फेऱ्याला पाणी जवळ येते. कविता तशीच वाचावी. पहिल्या वाचनात फक्त नाद, दुसऱ्यात अडलेले शब्द डिक्शनरीत, तिसऱ्यात कोण कोणाशी बोलतो आहे ते, चौथ्यात हीच गोष्ट कवीने अशीच का सांगितली ते. त्यानंतर पाहिजे तर गाइड उघडावे. मग त्यातील चुकाही दिसू लागतात.

लेखनाचा मार्ग याहून साधा आहे. आपली मुख्य अडचण वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येते. 'मला भूक लागली' असे आपण म्हणतो, म्हणजे भूक आपल्याकडे येते. इंग्रजीत मात्र 'आय अ‍ॅम हंग्री' म्हणतात, तिथे बोलणारा पुढे उभा राहतो. 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांना मराठीत जागाच नाही, म्हणून ते निसटतात. हे फरक एकदा ध्यानात घेतले की निम्मी भीती जाते. त्यानंतर रोज पाच वाक्ये लिहावीत. एस.टी. का चुकली, बाजारात कापसाला काय भाव होता, आई आज काय बोलली, असल्याच विषयांवर. वाक्य लहान असावे. चूक झाली तर होऊ द्यावी. सरांना दाखवावी व वहीत तारीख घालावी. सहा महिन्यांनी पहिले पान उघडून पाहावे.

आणखी एक. इंग्रजी आले म्हणून मराठी सोडू नये. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली मराठीत आले आणि 2015 साली जेरी पिंटो यांच्या अनुवादातून इंग्रजीत गेले. बेबी कांबळे व ऊर्मिला पवार यांची आत्मकथने माया पंडित यांनी इंग्रजीत नेली. मधल्या काळात कितीतरी वाचक या पुस्तकांना मुकले. आपल्या आजीची जात्यावरची ओवी, वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी इंग्रजीत नेणारा विद्यार्थी आपल्या गावातून निघाला, तर तीन वर्षांचा खर्च सत्कारणी लागला असे आम्ही समजू.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना. वाचनालयात गाइडांऐवजी मूळ पुस्तके, त्यांची मराठी भाषांतरे व एक चांगली डिक्शनरी ठेवावी. रविवारी सायंकाळी एक तास मुलांना एकत्र वाचू द्यावे. आम्ही त्या तासाला येऊन बसायला तयार आहोत. शिकवण्याइतके ज्ञान आमच्याजवळ नाही, पण अडलेला शब्द सोबत बसून शोधता येईल. ज्या मुलाने सहा ओळींचा अर्ज लिहिला त्याच्या आईचे काम पुढे मार्गी लागले. पत्र आले तेव्हा त्याने ते आमच्याकडे आणलेच नाही. घरीच वाचून आईला मराठीत समजावून सांगितले. आम्हांला ही बातमी चार दिवसांनी बाजारात कळली. त्या दिवशी फार बरे वाटले.

जयभीम!