पाळलेले लांडगे आणि अडखळणारा खेळ

माइनक्राफ्ट हा संगणकावरील खेळ आपल्या वर्गातील बऱ्याच मुलांना ठाऊक असतो. स्वीडनमधील मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आला. ठोकळ्यांच्या जगात तग धरायचा, घर बांधायचे, जमल्यास जनावरे माणसाळवायची. हाडे चारली की लांडगा पाळीव होतो. ‘मॉड’, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या जोडण्या, घातल्या तर ड्रॅगनसुद्धा पाळता येतात. मुले हौसेने पन्नास-साठ जनावरे जमवतात आणि मग खेळ अडखळू लागतो. फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसतो, लांडगे झटके देत चालतात. मुले याला ‘लॅग’ म्हणतात आणि घरी नव्या संगणकाचा हट्ट धरतात. तो पुरवण्याआधी थोडे गणित करून पाहावे.

या खेळातला काळ सलग वाहत नाही. तो सेकंदाला २० ठोक्यांनी पुढे सरकतो, म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रत्येक जनावर कुठे आहे, कोणाला धडकते आहे, पुढे कुठे जाणार, हे ठरवावे लागते. या कामाला १०० मिलिसेकंद लागले तर ठोके १०वर येतात आणि सारे जग निम्म्या वेगाने चालते. ही आकडेमोड बहुतांशी एकामागून एक होते. त्यामुळे जास्त गाभ्यांचा महागडा प्रोसेसर आणूनही फारसा फरक पडत नाही.

रानातली भुते खेळाडू दूर गेला की नाहीशी होतात. पाळलेले जनावर मात्र मरेपर्यंत हिशेबात राहते. मुलांना त्याचा लळा लागतो, तो याचमुळे!

आता धडकांचे पाहू. वर्गात विचारा : ३० जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले तर एकूण किती होतील? ४३५. आणि ६० जणांनी केले तर? १७७०. संख्या दुप्पट झाली, काम चौपट झाले. एका गोठ्यात दाटीने उभ्या असलेल्या जनावरांचे हेच होते. तीच ६० जनावरे १५-१५च्या चार गोठ्यांत दूरदूर ठेवली, तर जोड्या ४२० उरतात. एकही जनावर कमी न करता!

दुसरा खर्च वाट शोधण्याचा, आणि मला तो अधिक मनोरंजक वाटतो. मागे येणारा लांडगा दर अर्ध्या सेकंदाला मालकापर्यंतची वाट नव्याने शोधतो. त्यासाठी वापरलेली ‘ए-स्टार’ ही रीत हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ मध्ये, चालत्या यंत्रमानवावर काम करताना मांडली. मोकळ्या मैदानात ती झटकन उत्तर देते. पण लांडगा कुंपणात आणि मालक बाहेर असेल तर? वाट नाही हे कळण्यासाठी आवाक्यातल्या सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात. घरात नसलेली किल्ली शोधायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, तसेच हे. ड्रॅगनचे आणखी अवघड. त्याचे अंग मोठे असल्याने प्रत्येक पावलाला जास्त ठोकळे तपासावे लागतात.

यावरचा उपाय खेळातच आहे. लांडग्याला ‘बस’ म्हटले की त्याचे वाट शोधणे थांबते. बसलेला लांडगा मालकामागे येत नाही, आणि मालक पुरेसा दूर गेला की जगाचा तो तुकडाच झोपी जातो. झोपलेल्या तुकड्यातल्या जनावरांचा खर्च शून्य. ‘जनावरे मारून टाक’ हा मित्रांचा सल्ला म्हणूनच अनाठायी आहे. सोबत दोन-तीन घ्यावीत, बाकीची घरी बसवावीत, पैदास आवरती ठेवावी.

मात्र आधी दुखणे नेमके ओळखावे. जनावरांकडे पाठ करून उभे राहिल्यावर चित्र सुरळीत झाले, तर ताण चित्र काढण्याचा आहे. तरीही फोडलेले ठोकळे परत येत असतील, तर ताण ठोक्यांचा. एकट्याने खेळताना एफ-३ कळ दाबली की एका ठोक्याला लागणारे मिलिसेकंदही पडद्यावर दिसतात. जनावरे बसवण्याआधी आणि नंतर हा आकडा मुलांना वहीत लिहायला सांगा. बसवून, दूर जाऊनही तो उतरला नाही, तर काही मॉडमध्ये जगाचा तुकडा सतत जागा ठेवणारे यंत्र मिळते, ते गोठ्याशेजारी लावलेले नाही ना, हे पाहावे.