परळी वैजनाथ येथील यात्रेकरू-निवास : थेट आरक्षणाच्या संकेतस्थळाची हंगामपूर्व तयारी

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे तीर्थक्षेत्र होय. महाशिवरात्र व श्रावणी सोमवार हे तेथील निवासव्यावसायिकांचे गर्दीचे दिवस. हा हंगाम पंचांगानुसार ठरतो. आरक्षणाचे संकेतस्थळ मात्र इंग्रजी दिनांकांवर चालते. अधिक मासामुळे २०२३ मध्ये निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला; २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टलाच लागला. जुनेच दिनांक ठेवल्यास ५ व १२ ऑगस्टचे श्रावणी सोमवार साध्या दिवसांत गणले गेले असते.

म्हणून प्रथम नव्या पंचांगावरून दर व गर्दीचे दिनांक भरावेत. दुसरे, मध्यस्थ संकेतस्थळे, दूरध्वनी व स्वतःचे संकेतस्थळ यांवरील आरक्षणाची नोंद एकत्र ठेवावी. अन्यथा एकच खोली दोघांना दिली जाते. तिसरे, भ्रमणध्वनीवरून आगाऊ रक्कम भरून, आरक्षण रद्द करून व रक्कम परत मिळवून संपूर्ण व्यवहार तपासावा. परताव्याचे नियम मराठीत स्पष्ट द्यावेत.

थेट आरक्षणाने मध्यस्थाचे कमिशन वाचते, हे खरे. परंतु ऐन यात्रेत रात्री मुलाबाळांसह आलेल्या यात्रेकरूस ठरलेली खोली मिळते की नाही, यावरच या व्यवस्थेची विश्वासार्हता अवलंबून असते.